‘हाय स्पिन’ थाळी गोव्याच्या घामट हवेत: घ्यावी की नाही?

थाळीफेकीच्या थाळीच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात. एक वजनाचा, दुसरा कडेच्या टक्केवारीचा. वजनाला नियम आहे: महिलांची थाळी 1 किलो, 18 वर्षांखालील मुलांची दीड, 20 खालच्यांची पावणेदोन, पुरुषांची 2 किलो. टक्केवारीला मात्र नियम नाही. एकूण वजनापैकी किती भाग बाहेरच्या धातूच्या कड्यात आहे, एवढंच ती सांगते आणि तेही बनवणारा सांगेल ते. 70 ते 75 ला ‘लो स्पिन’ म्हणतात, 80 च्या आसपास मधली, 85 च्या वर ‘हाय स्पिन’ आणि 90 ला त्याहून भारदस्त नाव. आकडा वाढतो तशी किंमतही चढते.

गोव्यात हा माल बहुतेक वेळा मागवूनच घ्यावा लागतो. म्हापसा-मडगावच्या खेळाच्या दुकानांत फुटबॉलचे बूट भिंतभर, आणि थाळी असलीच तर खालच्या कप्प्यात रबराची. मेरठ-जालंधरकडचा माल ऑनलाइन येतो. म्हणजे हातात धरून पाहायची सोय नाही आणि सगळा भरवसा त्या टक्केवारीवर. म्हणून आधी निकाल सांगून टाकतो: जागेवरून फेकलेली थाळी दहातून आठ वेळा न डुगडुगता जात नसेल, तर 90 ची घेऊ नका. 75 ते 80 ची, प्लास्टिकच्या प्लेटची (कड्याच्या आत दोन्ही बाजूंना बसवलेली तबकडी म्हणजे प्लेट), गंज न धरणाऱ्या कड्याची घ्या. कंपन्यांची नावं इथे नाहीत, कारण हा निवाडा कंपनीचा नाही, प्रकाराचा आहे.

मुळात ‘हाय स्पिन’ हे नावच फसवं आहे. ही थाळी जास्त वेगाने फिरत नाही. उलट तिला फिरवणं जड जातं. वजन मध्यापासून जितकं लांब, तितकी तिची फिरायला लागायची नाखुशी जास्त. एकदा फिरली की मात्र तीच नाखुशी उपयोगी पडते, कारण हवेने कितीही ढकललं तरी ती आपला कल सहज सोडत नाही. 1 किलोच्या थाळीचा ढोबळ हिशेब मांडला, तर 70 टक्क्यांवरून 90 वर गेल्यावर हा जडपणा साधारण 12 ते 15 टक्क्यांनी वाढतो. खोक्यावरचा आकडा वीसने उडी मारतो, प्रत्यक्षातला फरक त्यापेक्षा कमी.

उजव्या हाताच्या खेळाडूची थाळी वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि सगळ्यात शेवटी तर्जनीवरून सुटते. हवा तिचं नाक, म्हणजे पुढची कडा, वर उचलू पाहते. पण फिरणाऱ्या वस्तूचा स्वभाव असा, की नाक उचलायला गेलं तर ती बाजूला कलते. म्हणून थाळी उतरताना डावा पंख, म्हणजे डावी बाजू, खाली टाकते. फिरकी भरपूर असेल तर हे कलणं अगदी शेवटच्या टप्प्यात दिसतं. फिरकी कमी असेल तर अर्ध्या वाटेतच डावा पंख पडतो आणि थाळी हवेवर न तरंगता कापत खाली येते. जड कड्याचा फायदा नेमका इथे: कलणं उशिरा सुरू होतं.

पण ही फिरकी येते कुठून? तर्जनीच्या आणि मधल्या बोटाच्या शेवटच्या पेराने कडा ओढली जाते, त्या क्षणभराच्या घर्षणातून. बोटाची पकड टिकली तर जड कड्याची थाळीही हलकीइतक्याच वेगाने फिरते आणि मग तिची स्थिरता खरोखर जास्त. पकड सुटली, बोट घसरलं, तर जड कडा हळू फिरते. म्हणजे एका हाताने मिळवलेलं दुसऱ्या हाताने घालवलं. आता एप्रिल-मे महिन्यातली दुपार, बांबोळीचं पठार, तळहात पुसून तीन सेकंदांत पुन्हा ओले. अशा हातात 90 ची थाळी साबणाच्या वडीसारखी वागते. खडूची पूड हाताला लावायला नियमाची आडकाठी नाही, गोळाफेक-थाळीफेकीत ती साधनालाही लावता येते. बोटं एकमेकांना चिकटपट्टीने बांधता येत नाहीत, हातमोजेही चालत नाहीत. खडू मात्र तळव्याला फासून उपयोग नाही, बोटांच्या शेवटच्या पेरांना लावायचा. आणि आधी हात कोरडा करायचा, नाहीतर खडूचा चिखल होतो आणि त्यापेक्षा नुसता घाम बरा.

खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास नसेल (नसावाच), तर एक साधी तपासणी आहे. दोन मीटर लांबीची सपाट प्लायची फळी घ्या, एक टोक विटेवर टेकवा, थाळी सरळ राहावी म्हणून दोन्ही बाजूंनी पातळ पट्ट्या ठोका. एकाच वजनाच्या आणि व्यासाच्या दोन थाळ्या शेजारी शेजारी उभ्या धरून एकदम सोडा. जिची कडा जड, ती मागे राहते. हिशेबाने 70 ची थाळी तळाशी पोचते तेव्हा 90 ची चार-पाच इंच मागे असायला हवी. दोन्ही बरोबरच पोचल्या तर एका खोक्यावरचा आकडा खोटा आहे. दहा वेळा सोडा, एका वेळेवर जाऊ नका. हात पुढेमागे झाला तरी दोन इंच इकडेतिकडे होतात.

आता वस्तूकडे वळू.

रबरी थाळी: स्वस्त, काँक्रीटवर पडली तरी फुटत नाही, शाळेच्या पहिल्या वर्षाला पुरेशी. वजन सगळीकडे सारखं पसरलेलं, मध्ये जाडी जास्त, त्यामुळे ती फिरते पटकन आणि डुगडुगतेही पटकन. उन्हात राहिली की वाकडी होते. वर्षभरापेक्षा जास्त तिच्यावर शिकलेला हात पुढे धातूच्या कडेला घाबरतो, तेव्हा तिथे मुक्काम करू नये.

लाकडी प्लेटची थाळी हातात सुंदर लागते, त्यात वाद नाही. पण जून ते सप्टेंबर इथल्या हवेत लाकूड ओल पितं. प्लेट फुगते, मधले स्क्रू सैल होतात, वजन काही ग्रॅमनी चढतं आणि चवथीनंतर हवा कोरडी व्हायला लागली की प्लेट आकसून कड्यापाशी फट पडते. फेकताना ‘खट’ असा बारीक आवाज आला की समजावं. लाकडी थाळी पुण्या-नाशकाकडे ठीक, किनाऱ्यावर नको.

प्लास्टिकच्या (एबीएस) प्लेटची थाळी हा इथल्यासाठी शहाणा पर्याय. ओल धरत नाही, धुता येते. तिचा दोष पृष्ठभागात: नवी असताना प्लेट काचेसारखी गुळगुळीत. बारीक पॉलिश पेपरने तळहात टेकतो तेवढाच भाग हलका घासला तर सरावापुरता फरक पडतो. स्पर्धेच्या थाळीवर मात्र हे करू नका, कारण थाळीचा पृष्ठभाग एकसारखा असावा लागतो आणि पंचाने बाजूला काढली तर वाद घालून उपयोग नाही.

कडा ही खरी परीक्षा. साध्या लोखंडावर जस्ताचा मुलामा असतो. खडीवर चार-सहा वेळा आपटल्यावर मुलामा उडतो आणि खाऱ्या हवेत आठवड्याभरात तांबूस ठिपके येतात. गंजापेक्षा वाईट म्हणजे खरचटा. कडेवर उठलेला धातूचा बारीक दात दिसत नाही, पण सुटताना तर्जनीचं पेर चिरतो आणि मग पुढचे पंधरा दिवस खेळाडू नकळत बोट आखडून फेकतो. आठवड्यातून एकदा कापसाचा बोळा कडेवरून फिरवावा. तंतू अडकले तिथे बारीक कानस मारायची, फक्त दात घालवण्याइतकी. जास्त कानस म्हणजे वजन कमी, आणि किमान वजनाखाली अर्धा ग्रॅमही चालत नाही. स्टेनलेसची कडा महाग पडते, पण किनाऱ्यावर दोन हंगामांत तो फरक भरून निघतो.

कार्बनच्या प्लेटची, 90 च्या वरची आयात थाळी सुंदर वस्तू आहे. तिच्यात दोष नाही. दोष आहे ती चुकीच्या हातात देण्यात.

हात कितपत तयार आहे हे मोजायला आता मोबाइल पुरतो. थाळीच्या दोन्ही बाजूंना मध्यापासून कडेपर्यंत पांढऱ्या इन्सुलेशन टेपची एक पट्टी लावा. स्लो मोशन 240 फ्रेमवर ठेवून मागून, जाळीबाहेरून, चित्रण करा. थाळी हातातून सुटल्यावर पट्टी एक पूर्ण फेरा घ्यायला किती फ्रेम घेते ते मोजा आणि 240 ला त्या संख्येने भागा. 40 फ्रेम लागल्या तर सेकंदाला 6 फेरे, 60 लागल्या तर 4. मोठ्या पातळीवरचे खेळाडू सहा-आठच्या घरात असतात. पट्टी स्वच्छ गोल फिरायच्या ऐवजी लंबगोल डोलताना दिसली, तर फेऱ्यांचा आकडा काहीही येवो, थाळी डुगडुगते आहे. त्याची कारणं ठरलेली: मनगट आत वळलेलं, अंगठ्याची बाजू वर उचललेली, किंवा थाळी तर्जनीऐवजी करंगळीकडून सुटलेली. शेवटच्या प्रकारात फिरकी उलटीच येते. असं आलं की फेकणं थांबवून थाळी जमिनीवर घरंगळवायला लागायचं: हात खाली सोडून, तर्जनीवरून, पंधरा-वीस मीटर सरळ रेषेत. रोज वीस वेळा. ती वाकडी पळाली तर बोट कुठे चुकलं ते जमिनीवर लगेच दिसतं, हवेत दिसत नाही.

फिरकी हाताची, पण वेग पायांचा. 2.50 मीटरच्या वर्तुळात दीड फेरा मारायचा असतो आणि नवख्यांची सगळी घाई पहिल्या अर्ध्या फेऱ्यात खर्च होते. मागच्या बाजूला उभं राहून हात मागे नेला की खांदे आधी फिरतात, थाळी पुढे येते, आणि मध्यावर पोचेपर्यंत फेकायला काही उरतच नाही. क्रम उलटा हवा. आधी वजन डाव्या चवड्यावर, डावा गुडघा आणि पंजा वळलेला, मग उजवा पाय रुंद कमानीत बाहेरून, आणि थाळी सगळ्यांच्या मागे लोंबकळत. उजवा पाय वर्तुळाच्या मध्यावर चवड्यावर पडतो आणि पडल्या पडल्या फिरतच राहतो. टाच टेकली की गाडीला ब्रेक लागला. त्यानंतर डावा पाय जितक्या लवकर पुढे टेकेल तितकं बरं, कारण दोन्ही पाय जमिनीवर असल्याशिवाय कंबर खांद्यांना ओढू शकत नाही. खडूने वर्तुळात 0, 90, 180 आणि 270 अंशांच्या रेषा आखा आणि थाळी न घेता, फक्त पाय, हळू, प्रत्येक रेषेवर थांबत. हळू जमत नसेल ते वेगात जमत नाही.

इथे बुटांचा आणि वर्तुळाच्या जमिनीचा प्रश्न येतो आणि गोव्यात तो थाळीपेक्षा मोठा आहे. फेकीचे बूट दोन जातींचे. गोळाफेकीतल्या ग्लाइडचे (न फिरता, पाठमोरं सरळ सरकत जाण्याच्या तंत्राचे) बूट पकड धरणारे, फिरकीच्या तंत्राचे बूट गुळगुळीत तळाचे आणि कडा गोल केलेले, म्हणजे चवड्यावर गिरकी घेता येते. रनिंगचे बूट यांतल्या कशालाच चालत नाहीत: उंच फोम, टाच बाहेर पसरलेली, आणि तळ जमीन धरून ठेवतो. पाय थांबतो, शरीर फिरतं आणि मधला गुडघा पिळतो. बजेट एकाच जोडीचं असेल तर फिरकीचे घ्या. त्यांत ग्लाइड करता येतो, उलटं करायला गेलं तर गुडघा जातो.

पण बूट कितीही चांगले असले तरी चिऱ्याच्या लाल मातीपुढे चालत नाहीत. पठारावरच्या मैदानात ती बारीक भुकटी वर्तुळात येऊन बसते. सुकी असताना पायाखाली मोहरी पसरल्यासारखी, ओली झाली की वंगण. प्रत्येक फेकीआधी झाडू, आणि वर्तुळाच्या कडेला ओलसर गोणपाट, त्यावर दोन्ही तळ घासूनच आत. काँक्रीट फार घोटलेलं असेल तर दमट सकाळी त्यावर दव धरतं, फार खरखरीत असेल तर बुटाचे तळ एका मोसमात उडतात. तळव्याने चाचपून पाहा: शाळेच्या पाटीइतका खरखरीतपणा योग्य. आणखी एक पाहायचं म्हणजे वर्तुळाची जमीन भोवतीच्या कड्याच्या वरच्या काठापेक्षा सुमारे 2 सेंटिमीटर खाली असते, त्यामुळे पावसात तिथे तळं साचतं. पाणी जायला भोक ठेवलेलं नसेल तर चार महिने त्या वर्तुळाचा उपयोग बेडकांना.

वारा ही मात्र गोव्याला मिळालेली देणगी आहे. थाळीफेकीत वाऱ्याला मर्यादा नाही. 200 मीटरपर्यंतच्या धावण्यात किंवा लांब उडीत 2 मीटर प्रतिसेकंदापेक्षा जास्त पाठीचा वारा असेल तर विक्रम धरत नाहीत, इथे तसं नाही आणि इथे हवा असतो तो समोरचा वारा. लिथुआनियाच्या मिकोलास आलेक्नाने 2025 च्या एप्रिलमध्ये 75.56 मीटरचा विश्वविक्रम ओक्लाहोमातल्या रमोना या गावी केला, तो तिथल्या माळावरच्या वाऱ्याचीच मदत घेऊन. उजव्या हाताच्या खेळाडूला समोरून आणि किंचित उजवीकडून येणारा वारा सगळ्यात मानवतो. आपल्याकडे दुपारी समुद्रावरून वारा येतो, पहाटे जमिनीवरून. सरावाची जागा निवडताना फेक पश्चिमेच्या अंगाला जाईल असं पाहिलं, तर संध्याकाळी तो वारा फुकटात मिळतो. पण अशा वेळी नाक जरा खाली ठेवावं लागतं. नाक वर राहिलं तर वारा थाळीला उभी करतो आणि ती जागच्या जागी पडते. जड कड्याची थाळी वाऱ्यात जास्त फेडते हे खरं, अर्थात हात तयार असेल तर.

गोळ्याबद्दल थोडक्यात, कारण गोळ्याला फिरकीचा काही उपयोग नाही. हवा त्याला उचलत नाही. तिथे फिरायचं असतं ते माणसाने. 1976 मध्ये सोव्हिएत संघाच्या अलेक्झांडर बारिश्निकोव्हने याच तंत्राने 22.00 मीटरचा विश्वविक्रम केला आणि आज अमेरिकेच्या रायन क्राउझरचे 23.56 मीटरही (2023) फिरूनच आहेत. अडचण अशी, की वर्तुळ 2.135 मीटरचं, म्हणजे थाळीच्या वर्तुळापेक्षा साडेछत्तीस सेंटिमीटरनी लहान, आणि पुढे 10 सेंटिमीटर उंच स्टॉप बोर्ड. फिरण्याचा वेग दुप्पट केला की गोळ्याला मानेपासून बाहेर ओढणारा जोर चौपट होतो. म्हणून मान-गोळा-कोपर ही बैठक पक्की नसताना वेग वाढवला की गोळा सुटतो, कोपर पडतं आणि गोळा क्रिकेटच्या चेंडूसारखा फेकला जातो. ते नियमातही बसत नाही आणि कोपरालाही सोसत नाही. पहिले काही महिने एक-दोन किलो हलका गोळा घेऊन फिरायला शिकणं, हाच रस्ता.

गोळा विकत घेताना व्यास विचारा. पुरुषांचा 7.26 किलोचा गोळा 110 ते 130 मिलिमीटर असू शकतो. भरीव ओतीव लोखंडाचा गोळा हिशेबाने साधारण 124 चा भरतो, महिलांचा 4 किलोचा साधारण 102 चा. पुरुषांच्या ‘भरीव लोखंडी’ गोळ्याचा व्यास 115 निघाला तर आत शिसं भरलेलं आहे, 129 निघाला तर आत पोकळी आहे. यांत गुन्हा काही नाही, पण भरण आणि पोकळी मध्यावर नसली तर गोळा तळहातावर दर वेळी एकाच बाजूला कलंडतो. सपाट लादीवर हळू सोडून पाहा: वेगवेगळ्या जागी थांबला तर ठीक, एकच बाजू सारखी खाली आली तर परत पाठवा. भरणाच्या भोकाचं बूच सैल झालेलाही परतच. आणि लेथवर काढलेला घ्या, नुसता रंगवलेला नको. रंगाचे पोपडे निघाले की खाली ओतकामाची छिद्रं दिसतात आणि मानेचं कातडं सोलतं.

पार्सल आल्यावर खोकं फाडण्याआधी चित्रण सुरू करा, परत पाठवायला तेच कामी येतं. मग किराणा दुकानातला डिजिटल काटा आणि व्यास-जाडी मोजायचा व्हर्नियर. 1 किलोची थाळी 180 ते 182 मिलिमीटर व्यासाची आणि मध्यावर 37 ते 39 जाडीची, 2 किलोची 219 ते 221 आणि 44 ते 46. वजन नेमकं 1.000 भरलं तर आनंद मानू नका. दोन खरचटे आणि एक कानस, की ती स्पर्धेतून बाद. नवी थाळी पाच-दहा ग्रॅम वरच असावी. सराव संपला की गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, कडेला मशीनचं तेल एक बोट. खोबरेल नको, ते चिकटतं आणि माती धरतं. स्पर्धेच्या दिवशी तेच तेल कोरड्या फडक्याने पुरतं काढायला विसरू नका.